विमानतळ आधीचा, रात्री दोनचं विमान नंतरचं

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात विमानतळाजवळ, धानोरीला सातव्या मजल्यावर राहतो. घर २०२१च्या फेब्रुवारीत घेतलं. घ्यायच्या आधी दोनदा पाहिलं, त्यात एकदा मुद्दाम रात्री साडेनऊला येऊन गॅलरीत अर्धा तास उभे राहिलो. एकदम शांत. आता रात्री बारा ते चारच्या मधे प्रवासी विमानांनी तीन-चारदा तरी झोपमोड होते. दिवसा लढाऊ विमानं असतात, ती वेगळीच. मुलगा दहावीला आहे. सासूबाई कानाचं यंत्र काढून ठेवतात आणि गाढ झोपतात, त्यामुळे त्यांना मी कांगावा करते असं वाटतं. यजमान म्हणतात, विकून टाकू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, "कागदावर काही आणू नका, रेट पडतील." आणि शेजारच्या काकांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "विमानतळ काय तुमच्यानंतर आला का?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच आमचंच चुकलं का? तक्रार करायची तर कुठे?

– झोप उडालेली, धानोरी

उत्तर

ताई, आधी काकांना द्यायचं उत्तर, कारण तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय.

लोहगावचा हवाई तळ, म्हणजेच पुण्याचा विमानतळ, १९३९चा, इंग्रजांच्या काळातला. धानोरीतली एकही सोसायटी तेव्हा नव्हती, काकाही नसावेत. तेव्हा विमानतळ आधीचा, हे कबूलच करून टाका. पण तुम्ही ज्या महिन्यात गॅलरीत उभ्या होतात तो महिना बघा. धावपट्टीवर नवा थर टाकायचा म्हणून ऑक्टोबर २०२०पासून वर्षभर ती रात्री आठ ते सकाळी आठ बंद होती. वर करोनामुळे दिवसाची विमानंही रोडावलेली. म्हणजे तुम्ही चोख चौकशी केलीत, रात्री येऊन पाहिलंत, आणि नेमकी ती रात्र खोटी निघाली! २०२१ संपता संपता चोवीस तासांची वाहतूक पुन्हा सुरू झाली. जुलै २०२४मध्ये नवं टर्मिनल चालू झालं, वर्षाचे प्रवासी एक कोटीच्या पुढे गेले, आणि उड्डाणं-अवतरणं मिळून दिवसाचा आकडा दोनशेच्या घरात पोचला. काकांना एवढंच सांगा, की विमानतळ आमच्या आधीचा, पण रात्री दोनचं हे विमान आमच्या नंतरचं आहे. त्यावर ते काय म्हणतात ते मलाही कळवा.

तुमचं पत्र आल्यावर मी माझ्या मावसबहिणीकडे एक रात्र राहून आले. तिचं घर तुमच्याच पट्ट्यात, पाचव्या मजल्यावर. संध्याकाळी चहा घेताना ती जाऊबाईंचं काहीतरी सांगत होती. "मग ती म्हणाली की" इथवर आली आणि थांबली. डोळे माझ्यावर, तोंड अर्धवट उघडं, कप हातात. वरून सुखोई हे लढाऊ विमान गेलं. ट्रेमधले चमचे बशांवर किणकिणले. बारा-पंधरा सेकंदांनी तिनं त्याच शब्दापासून वाक्य पुढं चालू केलं, "मला नाही जमणार." आपण थांबलो होतो हे तिच्या गावीही नव्हतं. रात्री दीडच्या सुमाराला एक प्रवासी विमान गेलं. मी टक्क जागी, ती घोरत होती. सकाळी मात्र म्हणाली, "हल्ली काय कोण जाणे, उठल्यावर अंग जड असतं." जाग आली नाही म्हणजे झोप नीट झाली असं धरून चालू नका. विमानाच्या आवाजानं झोप उथळ होते, नाडी वाढते, आणि माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. तेव्हा कांगावा वगैरे मनातून काढून टाका.

आता मुद्द्याचं. तुम्ही "विमानांचा आवाज" म्हणता तो एक आवाज नाही. लोहगावला तर नाहीच. मालक वेगळे, नियम वेगळे, तक्रारीची दारंही वेगळी. हे न समजता लोक एक मोठा संतापाचा अर्ज लिहितात, तो या टेबलावरून त्या टेबलावर जातो आणि "सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही" असं उत्तर घेऊन परत येतो.

धावपट्टी वायुदलाची आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे टर्मिनल आणि नागरी बाजू. वायुदलाचा सराव चालू असतो तेव्हा नागरी विमानांना धावपट्टी मिळत नाही, त्यामुळे विमान कंपन्यांना वाढायचं तर उरते संध्याकाळ, रात्र, पहाट. तुमच्या झोपेत विमान का येतं त्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

लढाऊ विमानांचं आधी संपवते, कारण तिथं फारसं काही करता येणार नाही. सुखोई-३० एमकेआय वायुदलात पहिल्यांदा दाखल झालं ते सप्टेंबर २००२मध्ये, इथंच. प्रवासी विमानाच्या इंजिनात गरम झोताभोवती थंड हवेचं जाड आवरण असतं, त्यानं आवाज बराच दबतो. लढाऊ विमानात ते आवरण फार पातळ, शिवाय उड्डाणाच्या वेळी मागच्या झोतात आणखी इंधन जाळतात. तो जो छातीत घुमणारा आवाज, तो त्याचा. २०१८मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं विमानतळांभोवतीच्या आवाजाची मर्यादा ठरवली, तिच्यातून संरक्षण दलांची विमानं वगळलेली आहेत. सरावाचं वेळापत्रक माहितीच्या अधिकारात मागायला जाल तर सुरक्षेचं कारण सांगून नकार येईल, आणि तो कायद्याला धरून असेल. एक मात्र कराच. मुलाला सांगा, गॅलरीतून तळाचे किंवा विमानांचे व्हिडिओ काढून रील टाकायचे नाहीत. आवाजाची तक्रार राहील बाजूला आणि दारात भलताच ताप उभा राहील.

उरलं रात्रीचं प्रवासी विमान. इथं नियम आहे, आकडे आहेत, आणि उत्तर द्यायला बांधील असलेली माणसंही आहेत.

पण त्या नियमाची मेख आधी समजून घ्या, नाहीतर अर्ज केल्यावर तोंडघशी पडाल. आपल्याला ऐकून माहीत असते ती निवासी भागाची मर्यादा, म्हणजे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. गणपतीतल्या स्पीकरच्या भांडणांत हेच आकडे निघतात. विमानतळाच्या आवाजपट्ट्यात, म्हणजे विमानांच्या आवाजासाठी वेगळ्या धरलेल्या भोवतालच्या भागात, ते लागू होत नाहीत. वर्षाला ५०,०००हून जास्त उड्डाणं-अवतरणं असलेल्या विमानतळाला दिवसा ७० आणि रात्री ६५ चालतात, आणि पुणे त्याच वर्गात मोडतं. शिवाय हे आकडे सरासरीचे. समजा रात्रीच्या आठ तासांत दहा विमानं गेली, प्रत्येकानं तुमच्या खिडकीशी वीस सेकंद ८० डेसिबल आवाज केला, आणि मधला सगळा वेळ शांत होता. सरासरी येते ५८-५९च्या आसपास. म्हणजे तुम्ही रात्रभरात दहादा उठून बसलात तरी कागदावर सगळं नियमात! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्येच विमानांच्या आवाजासाठी रात्री ४० डेसिबलच्या आत राहण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षीचे हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. म्हणून "मर्यादा ओलांडली जाते" या एकाच वाक्यावर तक्रार उभी करू नका. ती नापास व्हायची शक्यता मोठी. तक्रार विमानांच्या संख्येची आणि वेळेची करा.

त्यासाठी एक वही घाला. साधी, शंभर पानी. जाग आली की तारीख, वेळ, उडणारं की उतरणारं, एवढंच लिहायचं. उडताना खालून वर जाणारी गर्जना असते, उतरताना बारीक शिट्टीसारखा सूर असतो. आठवड्यात कान तयार होतो. सकाळी मोबाईलवर विमानांचा माग दाखवणारं फ्लाइटरडारसारखं अॅप उघडून ती वेळ ताडून बघा. तिथं विमान दिसलं तर कंपनी आणि उड्डाण क्रमांक वहीत टाका. काहीच दिसलं नाही तर बहुधा वायुदलाचं, त्याला वेगळी खूण करा. मोबाईलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपचा आकडा लिहिलात तरी अर्जात पुरावा म्हणून देऊ नका, तो पहिल्या फटक्यात उडवून लावतात.

आणि एका आठवड्याच्या नोंदीवर विसंबू नका. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा उड्डाणं तुमच्या डोक्यावरून. हिवाळ्यात वारा फिरला की उडणारी विमानं वाघोलीच्या बाजूला जातात आणि उतरणारी तुमच्याकडून येतात. पुण्यात धावपट्टी एकच. लंडनच्या हीथ्रोला दोन आहेत, त्या दुपारी तीनला आलटून-पालटून वापरतात आणि खालच्या लोकांना अर्धा दिवस तरी मोकळा मिळतो. तशी वाटणी इथं होऊ शकत नाही, म्हणून ती मागू नका. तीन महिन्यांची वही मात्र वजनदार कागद आहे.

वही भरत असतानाच माहितीच्या अधिकारात प्राधिकरणाकडे अर्ज टाका, दहा रुपयांत काम होतं. लोहगावचा आवाजपट्टा आखला आहे का, असेल तर त्याच्या नकाशाची प्रत. गेल्या बारा महिन्यांत आवाज कुठे कुठे मोजला, आणि त्यातले रात्रीचे आकडे. जानेवारी २०२२पासून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात महिन्यागणिक किती विमानं गेली-आली. रात्री इंजिनं चालवून तपासायला बंदी आहे का. प्रश्न इतकेच ठेवा, आणि "का" विचारू नका. कायद्यानं फक्त नोंदींत असलेली माहिती मिळते, खुलासे मिळत नाहीत. विमान कंपन्यांवर नियंत्रण असलेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही तसाच एक अर्ज पाठवा.

मागायचं काय, यावर मीटिंगमध्ये वाद होईल. कोणीतरी म्हणेल, रात्रीची विमानं बंदच करा. जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ते झालंय. ऑक्टोबर २०११मध्ये तिथं नवी धावपट्टी आली, आणि त्याच सुमाराला रात्री अकरा ते पहाटे पाच नियोजित उड्डाणं कोर्टानं थांबवली. पण तिथल्या विमानांना दिवस मोकळा आहे. आपल्याकडे दिवस वायुदलाबरोबर वाटून घ्यावा लागतो, त्यामुळे "रात्र बंद" ही मागणी पहिल्याच बैठकीत फेटाळली जाईल, आणि तिच्याबरोबर बाकीचंही. त्यापेक्षा असं मागा: यापुढे वाढणाऱ्या फेऱ्यांना रात्री एक ते साडेचार ही वेळ देऊ नका. रात्रीच्या फेऱ्या नव्या, कमी आवाजाच्या इंजिनांच्या विमानांनीच करा. उड्डाणानंतर आधी उंची आणि मग वेग, असं चढायची एक पद्धत आहे, तिनं धावपट्टीजवळच्या वस्तीला आवाज कमी लागतो, ती इथं वापरता का ते सांगा. विमान उभं असताना त्याचं शेपटातलं छोटं इंजिन चालू ठेवण्यापेक्षा जमिनीवरची वीज वापरा. यातली एकही मागणी जगावेगळी नाही, आणि कोणत्याही मागणीनं विमानतळ बंद पडत नाही.

अर्ज कुणाच्या नावानं? एकट्या तुमच्या नको. शेजारच्या तीन-चार सोसायट्यांची पत्रं एकत्र करा आणि विमानतळ संचालक, महासंचालनालय आणि खासदार या तिघांना एकाच दिवशी द्या, पोच घ्या. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४पासून नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्रीही आहेत, तेव्हा पत्र दोन ऑफिसांत फिरवायचे कष्ट तरी वाचतात. यातून काही हललं नाही तर हरित लवाद आहे. दिल्लीत तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर वसंत कुंजच्या बाजूचा वाद लवादापर्यंत गेला होता. पण ती लांबची, खर्चाची वाट. आज तिकडे बघू नका.

आता अध्यक्षांचं "रेट पडतील". मला हे वाक्य ऐकलं की हसू येतं. ज्या बिल्डरच्या जाहिरातीत "विमानतळ दहा मिनिटांवर" असं ठळक अक्षरांत असतं, त्याच इमारतीत "विमानांचा आवाज" हे शब्द मिनिट्समध्ये नकोत! घर बघायला येणाऱ्याला कान असतात हो. तुमची रात्र खोटी निघाली, आता तशी निघणार नाही. बिल्डर दाखवतात त्या ना-हरकत प्रमाणपत्राचंही सांगून ठेवते. ते फक्त इमारतीच्या उंचीचं असतं. इमारत विमानाच्या आड येत नाही, इतकंच ते सांगतं, विमानाचा आवाज घरात किती येईल याबद्दल त्यात चकार शब्द नसतो.

विकायचं की नाही? एवढ्यात नको. मुद्रांक शुल्कातच नव्या घराच्या किमतीचे सहा-सात टक्के जातात, शिवाय दलाली, शिवाय दहावीच्या वर्षात घर हलवणं. यजमानांना सांगा, पावसाळा धरून एक वर्ष थांबू, वही भरू, एक खोली नीट करू, मग ठरवू. आणि पुरंदरच्या भरवशावरही राहू नका. तिकडचा विमानतळ होईल तेव्हा होईल. प्रवासी विमानं तिकडे गेली तरी वायुदल लोहगावलाच राहणार.

एक खोली म्हणाले ते मनापासून. सगळं घर शांत करायला गेलात तर दिवाळं निघेल. मुलाची खोली घ्या. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडची मुलं आधी आणि नंतर तपासली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लक्षात ठेवणं खालावलं, जुन्याजवळच्यांचं सुधारलं. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. आवाज थांबला की मूल सावरतं.

तुमच्या खिडक्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या असणार. त्यांच्या दोन झडपांमध्ये केसाळ पट्टी असते, तिच्यातून वारा येतो आणि वारा येतो तिथून आवाज येतोच. पैसे घालण्याआधी एक रात्र प्रयोग करा. खिडकीच्या सगळ्या फटी जुन्या साड्यांच्या चिंध्यांनी ठासून, वरून चिकटपट्टी लावून बंद करा. संडास-बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या झरोक्यावर पुठ्ठा लावा, दाराखाली टॉवेल. फरक जाणवला तर समजा फट हा शत्रू आहे. मग कब्जावर उघडणारी, रबरी पट्टीवर घट्ट दाबून बसणारी खिडकी करून घ्या, तिला लॅमिनेटेड काच. चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी नीट भरून घ्या, कारागीर तिथंच हात आखडतात, आणि बाहेरून बदल दिसतो म्हणून सोसायटीची परवानगी आधीच काढा. काही जण "साउंडप्रूफ" पडदे आणि भिंतीवर लावायचा फोम गळ्यात मारतील. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. आणि सुखोईचा तो खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज या खिडकीलाही फारसा जुमानणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. खिडकी बंद म्हणजे हवा बंद, तेव्हा एप्रिल-मेमध्ये पंख्यावर भागतं की एसी लागतो याचाही हिशेब आधीच मांडा.

तुमच्यासाठी तूर्त कानातले फोमचे बोळे. ते नुसते खुपसतात म्हणून लोकांना उपयोग होत नाही. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कानाची वरची पाळी वर ओढायची, आत सारायचे, आणि फुगेपर्यंत बोट लावून धरायचं. पहिल्या दोन रात्री विचित्र वाटेल. सकाळचा गजर मुलाच्या खोलीत लावा.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवायची गरज नाही. एखाद्या रात्री त्यांना म्हणा, आज यंत्र तेवढं कानातच राहू द्या.